मध्य हरवलेले घर : नव्या गृहरचनेचे एक परीक्षण

काव्य, नाटक, कादंबरी यांचे परीक्षण करण्याची आपल्याकडील परंपरा जुनी आहे. गाण्याच्या मैफलीवर लिहिले जाते, देवळाच्या नव्या सभामंडपावरही चार जाणकार चार मते देतात. परंतु ज्या एका कागदाच्या हुकमाखाली एखादे कुटुंब पुढील पन्नास वर्षे उठते, बसते, जेवते, रुसते आणि आपल्या माणसांना अखेरचा निरोप देते, त्या कागदाचे परीक्षण झाल्याचे क्वचितच आढळते. घराचा नकाशा हा तो कागद होय. घर उभे राहिल्यावर त्याच्या रंगाविषयी, फरशीविषयी, दाराच्या नक्षीविषयी आपण हौसेने बोलतो. बोलून काही उपयोग होण्याची वेळ मात्र तेव्हा टळून गेलेली असते. नकाशावर सही होते ती बहुधा एका बैठकीत, आणि तीही घरातील एकट्या कर्त्या पुरुषाची. म्हणून एखादा ग्रंथ वाचावा त्याच कसोटीने आम्ही येथे हा कागद वाचून पाहणार आहोत. त्याने कोणाला जागा दिली आहे, कोणाला वगळले आहे, आणि जे सांगण्याचा आव आणला आहे ते त्याला खरोखर सांगता आले आहे काय, एवढेच आमचे प्रश्न आहेत.

प्रथम त्याच्या भाषेकडे पाहू. आज घराची ओळख शयनगृहांच्या संख्येवरून करून दिली जाते. ‘टू बीएचके’ म्हटले की घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला सर्व काही समजले, असे दोघेही मानतात. आपल्या वाडवडिलांची मोजण्याची रीत निराळी होती. ते वाडा दोनचौकी आहे की तीनचौकी, असे विचारीत. पेशवा दुसरा बाजीराव याने १८०७ साली पुरा केलेला पुण्याचा विश्रामबाग वाडा तीन चौकांचा म्हणून ओळखला जातो. नाना फडणीसांच्या मेणवलीच्या वाड्याचे वर्णन त्याच्या सहा चौकांवाचून कोणी करीत नाही. गोव्यातील हिंदू घराविषयी बोलतानाही पहिला प्रश्न येतो तो राजांगणाचा. म्हणजे पूर्वी घर मोजले जाई ते सर्वांच्या मोकळ्या जागेने, आणि आज मोजले जाते ते दार लावून घेता येईल अशा खोल्यांनी. मापाचे एकक बदलले की मोजली जाणारी वस्तूही हळूहळू बदलते. आमच्या मते नव्या गृहरचनेचा सारा गुणदोष या एका फरकात साठलेला आहे.

जुन्या रचनेचे वाचन नीट करावयाचे तर गोव्याच्या राजांगणापासून आरंभ करणे योग्य. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात घराच्या पोटात उघडे अंगण ठेवणे हे वरवर पाहता वेडेपणाचे वाटेल. प्रत्यक्षात ती फार विचारपूर्वक केलेली योजना आहे. चारही बाजूंची उतरती छपरे आपले पाणी या अंगणात सोडतात. अंगण सभोवतालच्या सोप्यांहून खोल असते आणि पाणी मोरीवाटे घराखालून बाहेर काढून दिलेले असते. वर आकाश उघडे असल्याने तापलेली हवा वर निघून जाते आणि तिच्या जागी वसरीतून गार हवा आत येते. चिऱ्याच्या जाड भिंती बाहेरचे ऊन अडवितात व उजेड आतूनच मिळतो. मध्यभागी तुळशीवृंदावन असते आणि भोवतालच्या सोप्यांतून स्वयंपाकघर, देवाची खोली, कोठीची खोली, शेजघरे यांची दारे उघडतात. घरातील कोणीही कोठूनही कोठे जावयास निघाला तर त्याला या मधल्या जागेच्या कडेने जावे लागते, आणि म्हणून दिवसातून दहा वेळा एकमेकांची तोंडे दिसतात. बोलणे न करताही घरात कोण आले, कोण गेले, कोण आज जेवले नाही, हे सर्वांना कळते.

हीच योजना हवामानाप्रमाणे रूपे बदलीत दूरवर गेली. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्याबरोबर ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्यास स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी आपल्या वाड्यांत चौक कायम राखला. तेथे पाऊस कमी आणि ऊन प्रखर असल्याने त्याच चौकाचा उपयोग दिवसा सावलीसाठी व रात्री गारव्यासाठी झाला. कौलांचा प्रकार बदलला, भिंतीचा दगड बदलला, घराचा मध्य मात्र बदलला नाही.

आमच्या वाचकांना याहून जवळचा दाखला देवळाचा आहे. मंगेशीस किंवा कवळ्यास जाणारा भाविक प्राकारातून सभामंडपात येतो, तेथून चौकात आणि मग गर्भकुडीच्या दाराशी पोहोचतो. प्रत्येक टप्प्यावर उजेड थोडा कमी होतो, आवाज थोडा मंदावतो, आणि मनुष्य नकळत सावरून उभा राहतो. एखाद्या देवळात खोल्या किती, असा प्रश्न अग्रशाळेत उतरायचे असल्याखेरीज कोणी विचारीत नाही. तेथे महत्त्व असते बाहेरून आत जाण्याच्या क्रमाला. जुन्या घराची वसरी, सोपा, राजांगण, माजघर आणि देवाची खोली हीही अशीच क्रमाने उमलत जाणारी रचना होती. परक्याला कोठवर यावे आणि आपल्या माणसाला कोठवर जावे, हे कोणी न सांगता जागाच सांगत असे.

येथवर वाचून आम्ही जुन्याचे भाट आहोत असा कोणाचा समज होईल, तर तो दूर करणे आवश्यक आहे. त्या रचनेचे दोष लहान नव्हते. मागील सोप्यातील स्वयंपाकघरे धुराने काळवंडलेली असत आणि तो धूर घरातील स्त्रियांच्या डोळ्यांत व फुप्फुसांत जाई. बाळंतिणीची खोली बहुधा सर्वांत अंधारी, वारा न येणारी असे. उजेडाची सर्वाधिक गरज असलेल्या माणसाला घरातील सर्वांत कमी उजेड मिळे. महिन्याच्या चार दिवसांत ज्यांना बाजूला बसविले जाई, त्यांच्यासाठी नकाशात जागा होती, पण ती मागच्या दाराकडील. ओटीवर पाहुण्यांशी बोलणारा पुरुष आणि दाराआडून ऐकणारी स्त्री हा देखावाही त्या रचनेचाच एक भाग होता. नवविवाहितांना एकांत म्हणून काही नसे, आणि रात्री न्हाणीघराकडे जायचे तर कंदील घेऊन परसात उतरावे लागे. आजच्या नकाशाने हे सर्व पुसून टाकले. प्रत्येक जोडप्याला दार असलेली खोली दिली, न्हाणीघर आत आणले, स्वयंपाकघरात उजेड व उभ्याने काम करण्याचा ओटा आणला. हे त्याचे उपकार आहेत, आणि ते नाकारणारा टीकाकार प्रामाणिक म्हणता येणार नाही. आमची तक्रार एवढीच की, सोप्यातील अंधार घालवताना मधला उजेडही घालविला गेला. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या.

आता नव्या नकाशाचे वाचन करू. बेळगावसारख्या शहरांच्या नव्या वसाहतींत तीस फूट रुंद व चाळीस फूट लांब, म्हणजे १२०० चौरस फुटांचा भूखंड सर्वपरिचित आहे. समजा, पुढे पाच फूट आणि बाकी तिन्ही बाजूंना तीन तीन फूट जागा सोडली, तर बांधण्यास २४ बाय ३२, म्हणजे ७६८ चौरस फूट उरतात. त्यांत सामान्यतः जो आराखडा बसविला जातो तो असा : ११ बाय १४ चा दिवाणखाना, ८ बाय १० चे स्वयंपाकघर, ८ बाय ९ ची जेवणाची जागा, १० बाय ११ ची दोन शयनगृहे, प्रत्येकाला जोडून ४ बाय ७ चे न्हाणीघर, आणि या सर्वांना जोडणारा साडेतीन फूट रुंद व बारा फूट लांब असा बोळ. वरच्या मजल्याचा जिना बाहेरून. या खोल्यांची बेरीज ६२४ चौरस फूट भरते, उरलेली जागा भिंतींत व दारापुढील पडवीत जाते.

हिशेब म्हणून यात वावगे काही नाही. वाचन म्हणून पाहता मात्र तीन गोष्टी खटकतात. पहिली अशी की, सर्वांत मोठी खोली सर्वांत कमी वापराची आहे. १५४ चौरस फुटांचा दिवाणखाना पाहुण्यांसाठी सजवून ठेवलेला असतो, आणि पाहुणे नसताना तेथे दूरदर्शनसंचाचे राज्य असते. खुर्च्यांची तोंडे एकमेकांकडे नसून भिंतीकडे असतात. दुसरी अशी की, घराच्या नेमक्या मध्यावर बोळ आहे. बोळात कोणी बसत नाही. तेथे खिडकी नसते, दिवसाही दिवा लावावा लागतो, आणि हात धुण्याचे भांडे बसविण्यास दुसरी जागा न सापडल्याने तेही बहुधा तेथेच येते. तिसरी अशी की, देवाला जागा उरत नाही. नकाशा पुरा झाल्यावर कोणाला तरी देवांची आठवण होते, मग स्वयंपाकघरातील एखादा कप्पा, जिन्याखालची पोकळी किंवा कपाटाचा वरचा खण त्यांच्या वाट्याला येतो. ज्या घराण्याचे कुलदैवत देवळात सुवर्णकलशाखाली आहे, त्याच घराण्यातील देव फोडणीच्या धुरात बसलेले दिसतात, याला काय म्हणावे?

या ठिकाणी वास्तुशास्त्राचे नाव पुढे येणार, हे आम्ही जाणून आहोत. नव्या नकाशावर आज सर्वाधिक टीका होते ती त्याच शास्त्राच्या नावाने, आणि तीमुळे पक्की झालेली भिंतही पाडली जाते. म्हणून ग्रंथ काय सांगतात ते पाहणे इष्ट. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत घराच्या जागेचे एक्याऐंशी अथवा चौसष्ट पदांत विभाजन सांगितले आहे. एक्याऐंशी पदांच्या रचनेत मधली नऊ पदे ब्रह्म्याची; चौसष्टांच्या रचनेत चार. देवघर ईशान्येस व स्वयंपाकघर आग्नेयेस हे आपणा सर्वांस पाठ असते, कारण तेही त्याच ग्रंथात आहे. परंतु घराच्या मध्यावर वसणाऱ्या ब्रह्म्याला गृहस्थाने उष्ट्याखरकट्यापासून यत्नाने जपावे, असेही वराहमिहिर सांगतो, आणि ते आपल्याला कोणी सांगत नाही. आमच्या वर दिलेल्या नकाशात ब्रह्म्याच्या पदावर हात धुण्याचे भांडे आहे! शौचकूप एक हात पूर्वेस सरकला म्हणून अस्वस्थ होणाऱ्या सल्लागारांना हे दिसत नाही, कारण त्यांचे लक्ष दिशांच्या कडांवर खिळलेले असते. कडा विकता येतात, त्यांवर उपाय सुचविता येतात. मध्य मोकळा ठेवा, हा सल्ला दिला तर विकण्यासारखे काही उरत नाही. ज्याची शास्त्रावर श्रद्धा आहे त्याने ते पुरते पाळावे आणि ज्याची नाही त्याने त्यातील अनुभवाचा भाग घ्यावा. दोघेही शेवटी एकाच मोकळ्या जागेशी येऊन पोहोचतात.

सरकारी नियमांची कसोटीही पाहण्याजोगी आहे. १९७० साली प्रथम निघालेल्या आणि २०१६ साली पुन्हा सुधारलेल्या राष्ट्रीय इमारत संहितेने राहण्याच्या खोलीस किमान साडेनऊ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट, आणि स्वयंपाकघरास पाच चौरस मीटर क्षेत्र ठरवून दिले. दमट उष्ण हवेच्या प्रदेशात खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या एक षष्ठांशाहून कमी नसावे, असेही ती सांगते. म्हणजे ११० चौरस फुटांच्या खोलीस अठराहून थोडी अधिक चौरस फूट खिडकी हवी. आपला नकाशा या परीक्षेत उत्तीर्ण होऊ शकतो. पण शेजाऱ्याच्या घराची भिंत अवघ्या सहा फुटांवर असेल तर ती खिडकी पडद्याआड बंदच राहणार, हे नियमाला ठाऊक नसते. नियम खोल्यांची किमान मापे सांगतो. घरातील माणसे एकमेकांना कोठे भेटतील, हे सांगणे त्याचे कामच नव्हे. ते काम घरधन्याचे आणि आराखडा काढणाऱ्याचे आहे.

मग नकाशाची खरी परीक्षा कशाने घ्यावी? आमचे म्हणणे, ती वर्षाच्या पंचांगाने आणि आयुष्याच्या क्रमाने घ्यावी. चवथ घ्या. गोव्यातील घरात गणपतीवर माटोळी बांधावी लागते. नारळाची पेंड, सुपारीची शिपटी, रानातील फळे यांचा भार मोठा असतो. जुन्या घरात तो लाकडी तुळयांना टांगला जाई. सिमेंटच्या छतात त्यासाठी चार मजबूत कड्या ओतकामापूर्वीच बसवाव्या लागतात, आणि त्या कोठे, हे ठरविण्यास गणपती कोठे बसणार हे आधी ठाऊक असावे लागते. किती नकाशांत गणपतीची जागा दाखविलेली असते? वीस माणसांची पंगत एका रांगेत बसेल अशी जमीन किती घरांत असते? कार्तिकात तुळशीचे लग्न लावायचे तर गच्चीवरील कुंडीपर्यंत घरातील वृद्धा जिना चढून जाणार काय?

वार्धक्याची परीक्षा याहून कठोर आहे. चाकांच्या खुर्चीला वळण्यासाठी दीड मीटर व्यासाची मोकळी जागा आणि नव्वद सेंटिमीटर रुंद दार लागते. साडेतीन फुटांच्या बोळात ती वळत नाही, आणि अडीच फुटांच्या न्हाणीघराच्या दारातून आत जात नाही. मुख्य दाराच्या उंबरठ्याची पूजा होते, तो अवश्य राहावा; आतील दारांना मात्र उंबरठा ठेवण्याचे काही कारण नाही. वृद्ध आईवडिलांची खोली तळमजल्यावर, न्हाणीघराला लागून, आणि घरातील बोलणे कानी पडेल इतक्या जवळ असावी. मागील बाजूच्या निवांत खोलीत त्यांची सोय केली, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या निवांतपणात त्यांचा दिवस कसा जातो, हे त्यांनाच विचारावे. आणि जी वेळ प्रत्येक घरावर येते, तिचाही विचार नकाशा काढतानाच केलेला बरा. मनुष्याला आडवे नेता येईल इतके दार, शेवटचे दर्शन घेण्यास दहा माणसे उभी राहतील इतकी जमीन घरात असली पाहिजे. हे अशुभ बोलणे नव्हे. आपल्या वाडवडिलांनी वसरी व अंगण आखताना हा विचार केलेला होता.

या कसोट्यांनी वरचा नकाशा आम्ही दुरुस्त करू पाहतो. बोळाचे ४२ आणि जेवणाच्या जागेचे ७२ चौरस फूट एकत्र केले तर ११४ होतात. दिवाणखान्यातून ४० घेतले की मध्ये १५४ चौरस फुटांचे माजघर मिळते, आणि बाहेर ११४ चौरस फुटांची बैठकीची खोली राहते. एक वीटही अधिक लागली नाही. दिवाणखान्याच्या आणि मधल्या जागेच्या मापांची अदलाबदल मात्र झाली. या माजघरात सर्व खोल्यांची दारे उघडतील. येथेच जेवण, येथेच मुलांचा अभ्यास, येथेच ईशान्येच्या कोपऱ्यात दार असलेले देवघर, आणि छताला माटोळीच्या कड्या. वरून उजेड यावा म्हणून छतात चार बाय चार फुटांची उंच केलेली, बाजूंना झडपा असलेली जागा ठेवावी, म्हणजे पाऊस न येता हवा खेळेल. हात धुण्याचे भांडे न्हाणीघराकडील भिंतीशी जाईल. ज्याच्याजवळ मोठा भूखंड आहे त्याने खरे राजांगण ठेवावे. ज्याला अनेक मजली इमारतीतील सदनिकाच घ्यावयाची आहे त्याने निदान बोळाच्या आणि मधल्या भिंतीच्या जागी काय करता येईल, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर आपल्याच गावांत आहे. गोव्यातील कितीतरी मोठी घरे आज वर्षभर कुलुपात असतात आणि चवथीला पाच दिवस उघडतात. वारसांची संख्या वाढली, माणसे मुंबईला, आखातात, त्याहून दूर गेली, हिस्से ठरेनात. तरी चवथीला ती माणसे परत येतात ती आपल्या वाट्याच्या खोलीसाठी नव्हे. भावाभावांत खोल्यांची वाटणी झाली तरी राजांगण आणि देवाची खोली बहुधा सामाईकच राहिली, आणि ज्या जागेची वाटणी झाली नाही त्याच जागेने घर एकत्र ठेवले. आज आपण जी घरे बांधत आहोत त्यांत सामाईक म्हणावी अशी जागाच नसेल, तर आपल्या नातवंडांनी परत यावे ते कोठे? केवळ शयनगृहांच्या घरात मनुष्य मुक्कामाला येतो, आणि त्यापेक्षा खाणावळीची खोली त्याला अधिक सोयीची वाटली तर दोष त्याचा नाही.

म्हणून नवे घर बांधू इच्छिणाऱ्या वाचकांस आमची एकच विनंती आहे. नकाशा हाती आला की त्यावर एकट्याने सही करू नये. तो जमिनीवर पसरावा आणि घरातील सर्वांना, विशेषतः सासूला, सुनेला आणि शाळेत जाणाऱ्या मुलीला, भोवती बसवावे. प्रत्येकाने दुपारी चार वाजता आपण कोठे बसलेले असू ते बोटाने दाखवावे. सर्वांची बोटे निरनिराळ्या बंद खोल्यांवर पडली, तर तो नकाशा परत पाठवावा आणि आराखडा काढणाऱ्यास सांगावे की, खोल्या मागाहून काढा, आधी मधली जागा आखून आणा.